एक ठोका म्हणजे थांब

समुपदेशकाच्या खोलीत दोन गोष्टी साठतात. पाण्याचे उष्टे ग्लास आणि किस्से. ग्लास संध्याकाळी विसळून टाकता येतात. किश्श्यांचं काय करायचं हे मला बारा वर्षांत कळलेलं नाही. लग्नात, मयतीत, बस स्टँडवर कोणी ना कोणी गाठतंच. "मॅडम, एखांदा किस्सा सांगा ना! पागल लोकायचा!" मी म्हणते, "आधी तुमचाच सांगू का?" माणूस लगेच चहा सांगायला जातो.

तर आधीच सांगते. नावं बदलली आहेत, गावं इकडची तिकडे केली आहेत, आणि ज्यांचे किस्से आहेत त्यांना विचारलं आहे. मी काम करते ते पांढरकवडा तेवढं खरं आहे. आणि माझ्या चुका खऱ्या आहेत. त्या भरपूर आहेत.

माझी खोली नजमाभाभीच्या शिलाईच्या दुकानामागे. दुकानातूनच आत यावं लागतं. हा फार मोठा फायदा! माझ्याकडे येणारा माणूस हातात कापडाचा तुकडा घेऊन येतो, बघणाऱ्याला वाटतं शिवायला टाकायला आलाय. बाहेर 'समुपदेशन केंद्र' असा बोर्ड आहे. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "उपदेश तं घरी फुकटात भेटते, इथं कायले याचं?" भाभी दात काढून हसत होती. मला राग आला होता, पण आजोबांचं काही चुकलं नव्हतं.

*

पहिल्या वर्षी मी खोली अगदी पुस्तकात असते तशी लावली. सोफा भिंतीशी, माझी खुर्ची दाराशी, आणि दाराला आतून कडी. खाजगीपणा म्हणजे कडी, एवढीच माझी अक्कल!

मुकुटबनकडची एक बाई आली, तिशीतली. मी "बसा" म्हटलं, कडी लावली, वळून बघते तर ती उभीच. माझ्याकडे नाही, कडीकडे बघत होती. मी काही बोलायच्या आत तिनं मला बाजूला ढकललं, कडी काढली आणि गेली. चपला तिथंच!

मी चपला हातात घेऊन भर बाजारातून तिच्यामागे पळाले. ओळखीचे लोक "मॅडम, काय झालं?" म्हणून विचारत होते. बस स्टँडवर ती सापडली. मी धापा टाकत चपला तिच्या पायाशी ठेवल्या. ती म्हणाली, "सासरी आठ महिने भाईरून कडी होती. तुमी आतून लावली. कडी ते कडीच ना, मॅडम?"

पुढच्या आठवड्यात ती परत आली. आल्याबरोबर हातातली वांग्यांची पिशवी तिनं दाराच्या फटीत अडकवली, दार बंद होत नाही याची खात्री केली, आणि मगच बसली.

सोफा मी विकून टाकला. आता दोन सारख्या खुर्च्या आहेत आणि आलेल्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न असतो, "कुठं बसता? दाराजवळ की भिंतीजवळ?" नाव-गाव नंतर. कडी उपटूनच काढली. मग आतलं बोलणं बाहेर जाईल त्याचं काय? त्याची काळजी भाभीला. आत कोणी बोलायला लागलं की ती मशीन सुरू करते. कापड असो, नसो!

*

प्रेमदास राठोड आला नाही, आणला गेला. बायको सुनीता, सासरा, दोन मेहुणे आणि त्यांच्या बंजारा तांड्याचा नायक. पाचही जण एकदम बोलत होते. प्रेमदास दाराजवळच्या खुर्चीवर बसून स्वतःच्या तळहाताकडे बघत होता.

गोष्ट अशी होती. प्रेमदास पंधरा वर्षांपासून ट्रकवर ड्रायव्हर. त्याचा मोठा भाऊ किसन त्याच गाडीवर क्लीनर; गाडी मागे घेताना मागच्या फळीवर ठोके मारून ड्रायव्हरला इशारा देणं हे त्याचं काम. मोठा क्लीनर आणि धाकटा ड्रायव्हर हे उलटं वाटेल, पण किसनला गाडी हाकण्यापेक्षा गप्पांची हौस. आठ महिन्यांपूर्वी एका गोदामात गाडी मागे घेताना किसन गाडी आणि भिंतीच्या मध्ये सापडला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माहीच चूक. ठोका उशिरा देल्ला म्या." विषय तिथं संपला.

प्रेमदासचा संपला नाही. तेव्हापासून तो गाडी मागे घेत नव्हता. पुढे म्हणाल तर हैदराबादपर्यंत जाईल. पण रिव्हर्स गिअरला हात लागला की घाम फुटायचा. वळायला जागा नसेल तर तीन-चार किलोमीटरचा फेरा घालायचा. एकदा बंद गल्लीत गाडी शिरली, तर ती तशीच सोडून पायी घरी आला! मालकानं सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत बघतो, मग गाडी दुसऱ्याच्या हातात.

"गाडीचं काही नाही, मॅडम," सुनीता म्हणाली. "पण आमचं अन् यायच्या भावाचं, भासऱ्यांचं, घर समोरासमोर हाय. आठ महिन्यांत हे त्याहिच्या समोर गेले नाही. मांगच्या दारानं निंगतात. जेवत नाही. माणूस हातचा जाईन माहा."

मी प्रेमदासला माझा नियम सांगितला. खोलीत कोण राहणार हे तो ठरवणार. त्यानं मान वर केली. मेहुण्यांकडे बघितलं, ते गेले. सासरा गेला, नायक गेला, सुनीता गेली. मग माझ्याकडे बघितलं.

"तुमी बी."

आता नियम माझाच! मी निमूट उठले आणि भाभीच्या दुकानातल्या बाकावर जाऊन बसले. नायकानं सरकून जागा दिली. "तुमाले बी हाकललं?"

चाळीस मिनिटं मी माझ्याच खोलीबाहेर बसून होते. आतून हूं नाही की चूं नाही. मला नाही नाही ते सुचत होतं. दार उघडून बघावं की नाही? तीनदा उठले, तीनदा बसले. सुनीता माझ्या चेहऱ्याकडे बघत होती म्हणून चेहरा सांभाळत होते. शेवटी तो स्वतःच बाहेर आला. म्हणाला, "बरं वाटलं. मंगळवारी येतो."

भाभीनं सुईत दोरा ओवत ओवत म्हटलं, "मॅडम, ऐसी डॉक्टरी तो मैं भी कर लूंगी!"

*

माणसाला समोर बसवून "बोला" म्हटलं की तो बोलत नाही. हात रिकामे असले की तोंड बंद होतं, हे माझं निरीक्षण आहे. म्हणून मी एक सूप ठेवलंय आणि त्यात तुरीची डाळ. निवडता निवडता माणसं बोलतात. एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे. बायको गेल्यापासून घरात कोणाशीही बोलत नव्हते. त्यांनी चार बैठकांत डाळ अशी निवडली की खडा औषधालाही उरला नाही. आता पाचव्या बैठकीला काय द्यायचं? मी गुपचूप काढलेले खडे परत डाळीत मिसळले.

सर बसले. सूप मांडीवर घेतलं. दोन मिनिटं निवडलं आणि थांबले. एक खडा बोटांत धरून उजेडाकडे केला.

"मॅडम, याले म्या मांगच्या हप्त्यात काढलं होतं."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. मग खडा परत डाळीत टाकला आणि बायकोच्या आजारपणाबद्दल बोलायला लागले.

*

माझी आणखी एक पद्धत आहे. बोलताना कुठं दुखायला लागलं तर समोरच्यानं मला थांबवायचं. खूण त्यानं निवडायची. कारण "थांबा" हा शब्द ऐन वेळी कोणाच्या तोंडातून निघत नाही. मुख्याध्यापकांनी करंगळी वर करायची खूण निवडली होती, आयुष्यभर पोरांनी त्यांना तीच दाखवली होती! मुकुटबनची बाई पिशवी उचलायची.

प्रेमदासच्या खुर्चीशेजारी माझं लोखंडी कपाट आहे. त्यानं त्यावर तळहात मारला. धाडकन आवाज झाला, मी दचकले.

"एक ठोका म्हंजे थांब," तो म्हणाला. "दोन म्हंजे येऊ दे. आमच्या लाइनीत असंच असते."

पहिल्या मंगळवारी अकरा ठोके पडले. सगळे एकेकटे. मी गोदामाचं नाव काढलं की ठोका. किसनचं नाव काढलं की ठोका. मी गप्प बसायचे. भाभी बाहेरून ओरडली, "दीवार पाडता का काय!" हळूहळू कधीमधी दोन ठोके यायला लागले. गाडी कुठं उभी होती? दोन. ऊन होतं का? दोन. भिंत किती लांब होती? एक. पाच आठवड्यांत आम्ही त्या गोदामाच्या फाटकातून आत आलो होतो. एवढंच.

आणि दिवाळी दीड महिन्यावर आली. सुनीता रोज फोन करायची. मला घाई झाली. ही माझी चूक, आणि ती मी अजून विसरलेले नाही.

मी विचारलं, "भावानं ठोका उशिरा दिला, असं तुम्हालाही वाटतं?"

एक ठोका.

मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. "की वेळेवर दिला होता?"

त्यानं कपाटाकडे बघितलं. हात उचलला होता, तो तसाच खाली आणला. मग उठला आणि निघून गेला. चपला घालून गेला, एवढंच.

*

तो तीन मंगळवार आला नाही. त्या रात्रीच मी त्याला एक मेसेज केला होता. 'तुम्ही एक ठोका दिला होता. मी ऐकूनही पुढे आले. चूक माझी आहे.' वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही. सुनीताला सांगितलं, त्याला एकटं सोडू नका, रात्री-बेरात्री कधीही फोन करा. मंगळवारी अकरा वाजले की माझे कान दुकानाकडे लागायचे. समोर बसलेला माणूस काय बोलतोय हे दोनदा विचारावं लागायचं. मला माझीच लाज वाटत होती.

त्यातल्या दुसऱ्या मंगळवारी पावलं वाजली. मी धावतच बाहेर आले. प्रेमदास नव्हता. ढाणकीहून एक गृहस्थ आले होते, हातात पँटपीस. दोन-तीन बस बदलून इतक्या लांब का आलात म्हणून विचारलं तर म्हणाले, "जवळपास कोणी ओळखीचं पाह्यलं तं?" मी त्यांना बाकावर बसवलं, तेवढ्यात ज्यांना मी आत तसंच सोडून आले होते ते दुसरे गृहस्थ माझ्या मागोमाग बाहेर आले. त्यांच्याही हातात पँटपीस. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. ढाणकीचेच! एकाच आळीतले शेजारी!

भाभीचा पाय मशीनवर तसाच.

"तुमी... इतल्या दूर?"

"हो ना. शिलाई चांगली आहे म्हंतात इथली."

"मी बी तेच आयकलं."

भाभीनं दोघांची मापं घेतली. दोघांच्याही पँटी शिवून द्याव्या लागल्या. एरवी मी हा किस्सा हसत हसत सांगते. त्या दिवशी हसायला आलं नव्हतं.

*

चौथ्या मंगळवारी प्रेमदास दारात उभा होता. एकटा. दाढी वाढलेली.

"मॅडम, तुमी कबूल केलं."

"हो. ठोका ऐकून मी थांबले नाही."

"असं... कबूल करता येते?"

मी म्हटलं, "बसा. कुठं बसता?" तो पहिल्यांदाच भिंतीजवळच्या खुर्चीवर गेला. कपाट लांब राहिलं, हात पोचणार नाही इतकं. बाहेर मशीन सुरू झालं.

"भियाचा ठोका उशिरा नव्हता," तो म्हणाला. त्यांच्या तांड्यावर मोठ्या भावाला भिया म्हणतात. "वेळेवर होता. माह्या कानाले फोन होता. साळ्याचा. कायतरी गंमत सांगून राह्यला होता. मी हासून राह्यलो होतो, मॅडम. भियानं ठोका देल्ला अशीन, आवाज बी देल्ला अशीन. मी हासून राह्यलो होतो."

तो रडला नाही. मीच ग्लासातलं पाणी प्याले, त्याच्यासाठी भरलेलं.

"अन् दवाखान्यात भिया सगळ्याईले सांगते, माही चूक. त्याले मालूम हाय का नाही, थेच मले मालूम नाही. मालूम नशीन तं मी सांगितल्यावर काय होईन? अन् मालूम अशीन तं..." त्यानं स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. "तिकून बी भिंतच हाय, मॅडम."

त्यानं भावाला सांगावं असं मी म्हटलं नाही. जिभेवर आलं होतं. पण एकदा पोळले होते.

तो गेल्यावर मी बाहेर आले. भाभी मशीन चालवत होती. सुईत दोराच नव्हता. डोळे पुसत म्हणाली, "आँख में कचरा गया."

*

मग आम्ही गाडीपासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी प्रेमदास नुसता कॅबिनमध्ये बसला, इंजिन बंद. दुसऱ्या दिवशी रिव्हर्स गिअर टाकला, इंजिन बंदच. मग इंजिन सुरू आणि पाय ब्रेकवर. घामानं शर्ट भिजायचा, तरी दहा मिनिटं, मग पंधरा. दिवाळीला आठ दिवस राहिले तेव्हा तो म्हणाला, आता गाडी हलवून पाहू. तांड्याबाहेर सोयाबीन निघालेलं एक मोकळं रान होतं. मागे रिकामी टिप्पाडं, म्हणजे पत्र्याची पिंपं, ठेवायची, माणूस कोणी नाही, आणि मी बाजूला उभी राहणार. असं ठरलं होतं.

सकाळी नऊ वाजता मी पोचले. प्रेमदास टिप्पाडं लावत होता. तेवढ्यात तांड्याच्या वाटेनं कुबड्यांचा आवाज आला. किसन येत होता. मागे सुनीता, मान खाली घालून. तिनंच सांगितलं असणार.

प्रेमदास जागेवरच थिजला. दहा महिन्यांनंतर भाऊ समोर आला होता. किसननं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुबडीनं एक टिप्पाड ढकललं, ते गडगडत गेलं.

"टिप्पाडं ठोका नाही देत," तो म्हणाला. "मांगं माणूस पायजे. मी देतो."

"नोको, भिया."

"कायले?"

सुनीता माझ्याकडे बघायला लागली. मी नाही म्हणायला हवं होतं. एका पायाचा माणूस, ढेकळांचं रान, चालत्या ट्रकच्या मागे! पण खोलीतला नियम इथंही होता, कोण राहणार हे तो ठरवणार; मी फक्त विचारू शकत होते. "प्रेमदास, काय करायचं?"

त्यानं भावाच्या पायजम्याच्या रिकाम्या पायाकडे बघितलं. मग खिशातून फोन काढला, बंद केला आणि सुनीताच्या हातात दिला. कॅबिनचं दार उघडलं आणि मला म्हणाला, "तुमी वर या."

मी चढले. पायरी दोनदा चुकली. त्याला ते दिसलं असावं.

"कुठी बसता, मॅडम? दाराजवळ का मधात?"

बारा वर्षं हा प्रश्न मी लोकांना विचारतेय. मला कोणी विचारला नव्हता. "दाराजवळ," मी म्हटलं, आणि हँडल दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

त्यानं इंजिन सुरू केलं. रिव्हर्स टाकला. आरशात किसन दिसत होता, एक कुबडी काखेत, दुसरी खाली टाकलेली, मोकळा हात गाडीच्या फळीवर. मग तो मागे सरकला आणि आरशातून गेला.

दोन ठोके.

गाडी हलली. हातभर. दोन हात. प्रेमदासच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला, त्यानं तो पुसला नाही. तो कान देऊन बसला होता. आणखी वावभर गाडी मागे गेली.

एक ठोका.

ब्रेक असा दाबला गेला की माझं डोकं काचेवर आपटता आपटता राहिलं. मग काहीच नाही. आरशात कोणी नाही. सुनीतानं पदर तोंडात धरला होता. प्रेमदासचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी. मी दाराचं हँडल ओढणार, तेवढ्यात मागून किसनचा आवाज आला. ओरडला नाही, शेजारी बसून विचारावं तसं.

"आयकू आला का रे?"

प्रेमदासचे ओठ हलले. आवाज दुसऱ्यांदा निघाला.

"आला, भिया."

"मंग झालं," किसन म्हणाला. "येऊ दे आता."

आणि फळीवर दोन ठोके पडले.